वांदर रोटीचं गाव

नोकरीबद्दल कोणी विचारलं की मी आधी सांगतो, "कॉलेजात होतो." समोरचा लगेच सरसावून बसतो. मग मी पुढचं सांगतो, "तिथं पाला वाळवत होतो." तो पुन्हा टेकून बसतो आणि चहा संपवतो.

पंचवीस-सव्वीस वर्षं मी नागपुरातल्या एका कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागात पाला वाळवला. त्या खोलीला हर्बेरियम म्हणतात. आमच्या घरी, म्हणजे महाल या जुन्या वस्तीतल्या दोन खोल्यांत, या शब्दाला कधीच मान मिळाला नाही. आमची शांता शेजारणींना सांगायची, "तुमच्याकडं उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळते वं, आमच्या ह्यायचं वाळवण बाराही महिने. अन् खायले एक तुकडा नाई."

काम सांगतो. रानातून झाड आणायचं, शक्यतो मुळापासून फुलापर्यंत सगळं. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ते पसरायचं. पान एक सुलटं, एक उलटं, फूल तोंड वर करून. अशा पन्नास घड्या एकावर एक रचून लाकडी जाळीच्या दोन फळ्यांत पट्ट्यांनी करकचून आवळायच्या. रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी चढते. झाड कडकडीत वाळलं की पाऱ्याच्या विषारी पाण्यात बुडवून काढायचं, म्हणजे कीड लागत नाही. मग जाड पांढऱ्या कागदावर डिंकाने चिकटवायचं आणि दांडा दोऱ्याने टाचायचा. हे झालं शीट. त्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली लेबल: झाडाचं नाव, कुठं सापडलं, कधी सापडलं, कोणी गोळा केलं. लेबल नसलेलं शीट म्हणजे चारा. ते लेबल लिहिणं माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. खरं तर अक्षराच्या जोरावरच मी मॅट्रिक झालो आणि अक्षराच्या जोरावरच अटेंडंट म्हणून लागलो. इंग्रजीतली झोकदार वळणं मी अशी काढायचो की पाहुणे प्राध्यापक झाडाआधी लेबल बघायचे. याचा मला फार अभिमान होता, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एक शेठजी रुमालात चुरगळलेलं अर्धं पान घेऊन आले. हे टकलावर चोळलं तर केस येतात असं त्यांच्या मेव्हण्याने सांगितलं होतं, तेव्हा नाव सांगा म्हणाले. मी म्हटलं, मेव्हण्याला घेऊन या, त्याचं डोकं बघू. तर त्याच्याही डोक्यावर चंद्रच होता. एका साहेबांच्या पत्नीला बैठकीत लावायला "काहीतरी जंगली पण सभ्य" हवं होतं. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी सूर्यफुलाऐवजी झेंडू ठेवला म्हणून प्रात्यक्षिक परीक्षाच थांबवली. दोन्ही एकाच कुळातली हे त्यांना सांगायचं कोणी, यावर विभागात अर्धा तास चर्चा झाली. शेवटी शिपायाने बंगल्यांच्या कुंपणावरून सात सूर्यफुलं तोडून आणली आणि विज्ञान पुढे सरकलं.

या कुळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गोष्ट त्याचीच आहे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, आपल्याकडची रानटी सहदेवी, गोरखमुंडी, सगळी एकाच घरची. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक फूल नसतं. बारीक बारीक शंभर फुलांची ती सभा असते. सूर्यफुलात कडेला बसलेल्या पिवळ्याधमक मंडळींना बी धरत नाही, त्यांचं काम नुसतं दिसायचं. बी धरतात ती मधली काळपट, दाटीवाटीने बसलेली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचा विभागच आला.

कडेच्या पाकळ्यांत सगळ्यात मोठे होते आमचे प्राध्यापक देवईकर. गोरे, उंच, रेशमी टाय, आणि बोलायला उभे राहिले की बाकावरची पोरं वही बंद करून नुसती ऐकायची. माणूस वाईट नव्हता. विद्वान तर होताच. फक्त त्याला ऊन, चिखल, काटे, गोमाश्या आणि पायी चालणं एवढंच आवडत नव्हतं. वनस्पतीशास्त्रात याने जरा अडचण होते.

साठ-पासष्टचा सुमार असेल. सरांनी पेंच नदीच्या बाजूच्या वनस्पतींचा अभ्यास जाहीर केला. दसऱ्याच्या सुट्टीत पारशिवनीला दोन दिवसांचा दौरा ठरला. निघण्याआधी मी आमच्या पद्धतीप्रमाणे तयारी केली. ती पद्धत ऐकून बाहेरचा माणूस हसेल, पण आमच्याकडे तिचं कौतुक व्हायचं. रानात बसून नीट लिहिता येत नाही, हात मळलेले असतात, शाई पसरते. म्हणून लेबलं मी आधीच लिहून ठेवायचो. वर कॉलेजचं छापील नाव, खाली माझ्या अक्षरात स्थळ, तारीख, संग्राहक. झाडाच्या नावाची जागा तेवढी कोरी. पारशिवनीसाठी मी अशी चाळीस लेबलं लिहिली. स्थळ पारशिवनी, तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची, संग्राहक प्रा. देवईकर. सरांनी ती पंख्याखाली वाऱ्यावर धरून पाहिली आणि म्हणाले, "वामन, ही लेबलं पाहून झाडं स्वतः चालत येतील."

झाडं चालत आली नाहीत. एस.टी.तून उतरून बैलबंडीत बसलो, तेवढ्यातच सर निळे पडले. रेस्ट हाउसला पोचल्यावर जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्साहाने टेकडीकडे निघाले, तर दोनशे पावलांवर उजव्या बुटाचा तळवा निघाला. तो हातात धरून सर परतले आणि व्हरांड्यात बसून त्यांनी निसर्गाचं निरीक्षण केलं. मी एकटा जाऊन काय मिळेल ते आणलं, पण सर "लांब जाऊ नकोस" म्हणून दर तासाला हाक मारायचे. दोन दिवसांत अकरा झाडं. त्यातली नऊ रेस्ट हाउसच्या कुंपणातली, आणि एक तर तिथल्या माळ्याने हौसेने लावलेलं. परत आलो तेव्हा माझ्या पिशवीत एकोणतीस लेबलं शिल्लक होती, कोरी करकरीत, माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम अक्षर.

दिवाळी आटोपली, थंडी पडली. मी रविवारी सायकल काढून गावाबाहेर भटकायचो, काही बरं सापडलं तर विभागाला न्यायचो. असाच एकदा हिंगण्याच्या रस्त्याला लागलो. तेव्हा तिकडे कारखान्यांची वसाहत म्हणजे चार खांब आणि एक पाटी होती, बाकी माळ. रस्ता सोडून आत गेलं की काळ्या दगडांची एक बुटकी टेकडी होती. वरून पाहिलं तर नुसते फुटके कातळ. पण त्या कातळांच्या फटींत, जिथं मूठभरसुद्धा माती नाही, तिथं ती उभी होती. बोटाएवढं जाड, हिरवट खोड, त्यावर गळालेल्या पानांचे वण, शेंड्याला चारदोन मांसल पानं. त्यातून हातभर दांडा वर गेलेला आणि त्याच्या टोकाला फिक्कट पिवळी, दुधाळ फुलं. मी बसलो आणि एक फूल उघडून पाहिलं. सूर्यफुलाच्या घरातलंच, पण कडेची दिखाऊ मंडळी मुळीच नाहीत. सगळी मधलीच. सगळी कामाची.

असं झाड मी आमच्या कपाटांत पाहिलं नव्हतं. मी एक मुळासकट ओढायला लागलो तोच मागून आवाज आला.

"ए बाबू, काय उपटून राहिला गा?"

हातात काठी, डोक्यावर पदर, मागे पंधरा-वीस बकऱ्या. ही गिरजाबाई. जवळच्या वस्तीत राहायची, त्या माळावर बकऱ्या चारायची. मी म्हटलं, "कॉलेजात न्यायचं आहे, बाई."

"कॉलेजात? काहून? पोरायले खाऊ घालता काय?" ती हसली. "वांदर रोटी हाय ते. पानं पाय कशी, भाकरीवानी जाड. माही बकरी बी तोंड लावत नाई त्याले. मूळ नको उपटू. फांदी मोडून ने. मोडली का पुन्हा फुटते."

"अजून कुठं मिळतं?"

"कुठीच नाई. तीस वर्सं झाले बकऱ्या चारून राहिली मी. याच टेकडीवर हाय, ते बी या एवढ्याच अंगाले. दरसाल पाह्यते. ह्याचं फूल दिसलं का समजते, आता खरी थंडी आली."

मी चार फांद्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी जाडजूड ग्रंथ काढले, दोन तास भिंगातून पाहिलं आणि घाम पुसला. हे झाड पश्चिमेकडच्या डोंगरांत होतं, दक्षिणेत होतं, पण आमच्या जिल्ह्यात आजवर कोणी नोंदलेलं नव्हतं. सर उभे राहिले. खरंच उभे राहिले. मग खुर्चीत बसले आणि विचारलं, "वामन, ती पारशिवनीची लेबलं उरलीयत ना?"

"एकोणतीस आहेत, सर."

"मग वाया कशाला घालवायची?"

मी म्हटलं, "सर, हे हिंगण्याचं आहे."

"अरे, हिंगण्याला कारखाने होणार. तिथं दुर्मिळ वनस्पती सापडली म्हटलं तर लोक हसतील. रानात सापडलेली शोभते. आणि माझा अभ्यास पेंचचा आहे. समज, हे पारशिवनीचंच."

आता मी सांगू शकलो असतो की सरांनी मला धमकी दिली. दिली नाही. मला माझी लेबलं वाया जाताना बघवत नव्हती, हेच खरं कारण. नावाची कोरी जागा मी माझ्या सर्वोत्तम अक्षरात भरली आणि पुढे शीट तयार झाल्यावर लेबल माझ्याच हाताने चिकटवलं. स्थळ पारशिवनी, तारीख दसऱ्याची. त्या तारखेला हे झाड फुलत नाही, हेही मला माहीत होतं.

वाळवताना त्याने मला चांगलंच छळलं. मांसल झाड लवकर मरत नाही. फळ्यांत आवळून महिना झाला तरी पानं हिरवीच. जुन्या अटेंडंटने सांगितलं, आधी उकळत्या पाण्यात बुडव, मग दाब. विभागातला स्टोव्ह बिघडलेला, म्हणून मी तीन फांद्या घरी आणून शांताच्या भाताच्या गंजात उकळल्या.

"माह्या गंजात कायचा पाला शिजवून राहिले तुम्ही?" असा स्फोट झाला. "विषारी निघाला म्हंजे? लेकरायचं काय?"

मी तिला सांगितलं, हे शास्त्र आहे. तिने तो गंज दोन वेळा राखेने घासला आणि तिसऱ्या वेळी अंगणात फेकला. चौथी फांदी उकळायची राहून गेली आणि तिची घडी फळ्यांत तशीच विसरली. दोन महिन्यांनी घडी उघडली तर त्या वर्तमानपत्राच्या अंधारात, तेवढ्या दाबाखाली, फांदीला पांढरट नवा कोंब फुटला होता. मला ती टाकवेना. घरी नेऊन डालड्याच्या डब्यात, दगडांची कच घालून, खोचली. शांता म्हणाली, "गंज गेला, आता डबाही गेला." पण पाणी तीच घालायची.

सरांचा निबंध परिषदेत वाचला गेला. टाळ्या, हार, फोटो. पुढे ज्याने ज्याने नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवर काही लिहिलं त्याने तिथून उतरवून घेतलं: पारशिवनीच्या टेकड्यांवर आढळते. पाच जणांनी लिहिलं म्हणजे ते सत्य झालं. सहाव्याने जाऊन बघायचं कारणच उरलं नाही.

दहाएक वर्षं अशी गेली. हिंगण्याची वसाहत फुगत होती. सकाळी कंपनीच्या बसगाड्या आणि मोटारसायकलींची रांग लागायची, आणि माझ्या त्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत शेड आल्या होत्या. मी दर थंडीत एकदा सायकलने जायचो. गिरजाबाई भेटायची, बकऱ्या कमी झालेल्या, तोंड तेवढंच चालू. एका वर्षी तिने सांगितलं, "टेकडी फोडून राहिले म्हंते गा. सारखं मैदान करतात. चुन्याच्या रेघा मारून गेले."

पुढच्याच आठवड्यात आमच्या विभागात दोन साहेब आले. कुठल्या खात्याचे ते राहू द्या. एक जाडे होते, त्यांना चहाची घाई होती. दुसरा तरुण होता, त्याला झाडांची आवड असावी. त्याने स्वतःहून प्रश्न काढला होता: जमीन सपाट करण्याआधी तिथं काही जपण्यासारखं आहे का, कॉलेजला विचारून घेऊ. त्याने टेकडीवर फिरताना काहीतरी मांसल झाड पाहिलं होतं. त्याने हाताने आकार करून दाखवला. जाड पान, लांब दांडा.

देवईकर सर चष्मा पुसायला लागले. तेव्हा ते विभागप्रमुख होण्याच्या बेतात होते. त्यांच्या टेबलावर माझाही एक कागद होता, सहीसाठी. अटेंडंटचा हर्बेरियम-कीपर करण्याची शिफारस. मी तो कागद तीन आठवडे तिथे बघत होतो.

सर म्हणाले, "असं झाड पारशिवनीकडे आहे. माझीच नोंद आहे. तिथं ते सुरक्षित आहे. हिंगण्याला असण्याचं कारण नाही. पण आमच्याकडे रेकॉर्ड चोख असतं. वामनरावांना विचारा."

पहिल्यांदाच त्यांनी मला वामनराव म्हटलं. त्या तरुण साहेबाने माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "हिंगण्याचं एखादं शीट आहे तुमच्याकडे?"

माझ्या कमरेला कपाटांच्या किल्ल्या होत्या. मी म्हटलं, "हिंगण्याचं एकही शीट नाही, साहेब."

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. एवढं शुद्ध, तपासून घेता येईल असं खरं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. तरुण साहेबाने वहीत लिहून घेतलं. जाड्या साहेबांनी चहा संपवला. संध्याकाळी माझ्या कागदावर सही झाली. मी महालात येताना अर्धा किलो पेढे घेतले, ते शांताने गल्लीत वाटले. मी एक खाल्ला. मला शरम वाटली, पण मी तो खाल्ला.

उन्हाळ्यात सुरुंग लागले. मी मुद्दाम महिनाभर तिकडे गेलो नाही. गेलो तेव्हा टेकडीच्या जागी काळ्या गिट्टीचे ढीग होते. गिरजाबाई रस्त्याच्या कडेला बसली होती, तीन बकऱ्या घेऊन. मी काही विचारायच्या आत तिनेच विचारलं, "तू तर कॉलेजात होता गा. सांगतलं काहून नाई त्यायले?"

मी तिला समजावलं. की आमच्याकडे नोंद नव्हती, की रेकॉर्डमध्ये नाही ते आम्हाला सांगता येत नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुह्या वहीत नव्हतं म्हनून टेकडीवर नव्हतं काय गा?"

तिच्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं. नंतर ती कुठं गेली, मी शोधलं नाही. शोधायला हवं होतं.

कीपर झाल्यावर मी फार कडक झालो. माणूस असा का होतो ते मला आता कळतं. खोलीत पाटी लावली: जुन्या लेबलात खाडाखोड करू नये. दुरुस्ती असेल तर शेजारी स्वतंत्र चिठ्ठी चिकटवून, नाव व तारीख घालून करावी. हा सगळीकडचाच नियम आहे आणि चांगला नियम आहे. जुनी चूकही दिसली पाहिजे, दुरुस्तीही दिसली पाहिजे. नवीन आलेल्या प्रत्येक प्राध्यापकाला मी तो नियम ऐकवायचो. ती चिठ्ठी एका शीटवर मी स्वतः लावायला हवी होती, आणि त्या कपाटाकडे मी पाठ करून बसायचो.

सर निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभात पाच जणांनी पारशिवनीच्या शोधाचा उल्लेख केला. बुटाच्या तळव्याचा कोणी केला नाही.

त्यानंतर इंदू मॅडम आल्या. वय पंचविशीचं, खांद्यावर झोळी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि रानात गेल्या की अंधार पडेपर्यंत परत यायच्या नाहीत. मला वाटलं, चला, विभागाला एक मधलं फूल मिळालं. त्यांनी ठरवलं की सरांच्या जुन्या नोंदी जागेवर जाऊन तपासायच्या. पहिलीच घेतली ती वांदर रोटी. लेबलावर तारीख दसऱ्याची, म्हणून त्या दसऱ्याला गेल्या. ओळीने तीन वर्षं गेल्या. तिथल्या पांढऱ्या-तांबूस खडकांच्या टेकड्या त्यांनी पावलापावलाने पाहिल्या. दर वेळी ऊन लागून काळ्या होऊन परत यायच्या आणि मला सांगायच्या, "वामनराव, नाही सापडली. माझंच काहीतरी चुकतंय."

आणि मी त्यांना पाणी आणून द्यायचो.

तिसऱ्या वर्षी त्यांनी अहवाल लिहिला. पारशिवनीच्या टेकडीवरील ही वनस्पती आता नष्ट झाली असून त्याचं कारण बकऱ्यांची बेसुमार चराई हे दिसते. टेकडीवर चराई बंद करावी अशी शिफारस. अहवाल टंकलिखित होऊन जिथं जायचा तिथं गेला. मी तो वाचला तेव्हा मला गिरजाबाईचा आवाज ऐकू आला, की माही बकरी बी तोंड लावत नाई त्याले.

माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने उरले होते. मी एक शक्कल काढली. आमच्या पद्धतीला धरूनच होती: लेबल आधी, झाड नंतर. डालड्याचा डबा जाऊन आता गच्चीवर फुटक्या बादलीत त्या फांदीचं चांगलं घेरदार झाड झालं होतं. त्याच्या तीन फांद्या मोडून पिशवीत घातल्या आणि रजा टाकून एस.टी.ने पारशिवनीला गेलो. टेकडीवर खोचून यायच्या, एक जरी जगली तरी लेबल खरं होईल, मॅडमना सापडेल, बकऱ्या सुटतील, आणि मी पेन्शन घ्यायला मोकळा. दुपारी टेकडीखाली पोचलो, तर एक म्हातारा चार बकऱ्यांना दोरीने बांधून रस्त्याच्या कडेचं वाळकं गवत खाऊ घालत होता.

मी विचारलं, "वर नाही नेत?"

"वर बंदी आली ना गा. कोन्तं तरी झाड होतं म्हंते, आमच्या बकऱ्यायनं खाऊन टाकलं. मी त इथंच जन्मलो, मले त कधी दिसलं नाई. तुम्ही पाह्यलं काय?"

माझ्या पिशवीत तीन फांद्या होत्या. मी म्हटलं, "पाहिलं." आणि टेकडी न चढता परतीच्या गाडीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बादली सायकलच्या मागे बांधून मी कॉलेजात नेली. थंडी होती, झाडाला दोन फुलं होती. मॅडमच्या टेबलावर बादली ठेवली. त्यांनी पाहिलं, पान चेपून पाहिलं, भिंग घेतलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "कुठे मिळाली? वामनराव, पारशिवनीत कुठे?"

मग मी सगळं सांगितलं. चाळीस लेबलं, बुटाचा तळवा, काळी टेकडी, गिरजाबाई, ते एकही शीट नाही म्हणालो ते, पेढे, बांधलेल्या चार बकऱ्या. त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "तीन वर्षं, वामनराव. तुम्ही रोज माझ्यासमोर होतात." मी म्हटलं, "हो."

त्यांनी कागद ओढला आणि तिथंच अहवाल मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. स्वतःची चूक म्हणून. माझं नाव त्यात घातलं नाही. ते पत्र वेळेवर पोचलं की कुठल्या ढिगाखाली गेलं, त्या म्हाताऱ्याच्या बकऱ्या पुन्हा वर गेल्या की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. बंदी घालणारा कागद धावतो आणि उठवणारा लंगडतो, एवढं मी नोकरीत पाहिलं आहे.

मग मॅडमनी कपाट उघडायला सांगितलं. ते शीट काढलं. वीसएक वर्षांत झाड तपकिरी पडलं होतं, पण लेबल काल लिहिल्यासारखं दिसत होतं. मी खिशातून पेन काढून पारशिवनीवर रेघ मारायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. खाडाखोड करू नये. एक कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

ती मी मराठीत लिहिली. शेजारचे लेबल खोटे आहे. झाड हिंगण्याच्या काळ्या टेकडीवरचे, थंडीत फुललेले. गिरजाबाई या बकऱ्या चारणाऱ्या बाईंनी ओळखून दाखवले व नाव सांगितले. टेकडी आता नाही. विचारले तेव्हा मला माहीत होते, मी सांगितले नाही. खाली माझं नाव, तारीख.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. म्हणाल्या, "वामनराव, अक्षर फार हललंय. दुसरी देऊ का लिहायला?"

मी म्हटलं, "नको. हीच चिकटवा."